रातपाळीची झोप

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी आमच्या चाळीत सकाळचे तीन-चार तास सगळे दबक्या आवाजात बोलायचे. माझे वडील लोअर परळला गिरणीत होते. ते रातपाळी करून आले की आई आम्हा भावंडांना गॅलरीत हाकलायची. शेजारच्या काकूंना मसाला कुटायचा असला तर त्या खलबत्ता घेऊन खाली अंगणात जायच्या. पोरांनी आरडाओरडा केला की कुठल्यातरी दारातून आवाज यायचा, "अरे हळू, रातपाळीवाले झोपलेत." दहा बाय बाराची खोली आमची, पण आत झोपलेल्या माणसाची झोप अख्खा मजला सांभाळायचा.

आता मी स्वतः रातपाळीचा माणूस झालोय. सव्वीस वर्षं मुंबईत एका खासगी बस कंपनीच्या गाड्या चालवतोय. आमच्या गाडीला एसटीसारखा फलक नाही आणि बेस्टसारखा थांबाही नाही. एका पार्टीनं अख्खी गाडी ठरवायची, तिचे पैसे द्यायचे आणि आम्ही त्यांना नेऊन परत आणायचं. कायद्यात हिला कॉन्ट्रॅक्ट कॅरेज म्हणतात. वाटेत कोणी हात दाखवला तरी त्याला गाडीत घ्यायचं नाही, परमिटच तसं असतं. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, अष्टविनायक, शिर्डी, कंपनीचा स्टाफ आणि गौरी-गणपतीला कोकण, ही आमची वर्षाची भाडी.

आज मला बोलायचंय ते गाडी उभी असतानाच्या वेळेबद्दल. गाडी कशी चालवतात, हे आमच्या मागे बसून तुम्ही बघताच. ती उभी असते तेव्हा ड्रायव्हर कुठे असतो, हे मात्र सहसा कोणी बघत नाही.

शाळेची सहल घ्या. सकाळी सहाला शाळेच्या दारात गाडी लावायची, म्हणजे मी पहाटे साडेतीनला उठलेलो असतो. मुलांना राणीच्या बागेत सोडलं. आता दोन-तीन तास मोकळे, असं बाईंना वाटतं. "काका, तुम्ही आराम करा," असं त्या मनापासून सांगतात. पण भायखळ्यात बारा मीटरची बस लावायची कुठे? कडेला घेतली की पाच मिनिटांत हवालदार येतो, गाडी पुढे घ्या म्हणतो. त्याचंही चुकत नाही, मागे सगळी वाहतूक तुंबलेली असते. पुढे घ्यायची, वळसा मारायचा, पुन्हा यायचं. इंजिन बंद असेल तर एसी बंद, आणि मे महिन्यात काचा बंद असलेली बस किती तापते ते सांगायला नको. क्लीनर आणि मी आळीपाळीनं सावली शोधतो. दुपारी मुलं परत येतात तेव्हा कागदावर माझा तीन तास आराम झालेला असतो.

रात्रीच्या मुक्कामाला पुष्कळ ड्रायव्हर डिकीत झोपतात. डिकी म्हणजे गाडीच्या पोटातली सामानाची जागा. खाली पत्रा, त्यावर सतरंजी, आणि डास आत येऊ नयेत म्हणून झाकण अर्धं ओढून घेतलेलं. मी तरुणपणी खूप वेळा झोपलोय तिथे. आता नव्या पोरांना मी तसं झोपू देत नाही. आत माणूस आहे हे बाहेरच्याला दिसत नाही, आणि कोणी झाकण लावलं तर आतून उघडता येत नाही.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीला परवानगी काढली, तरी दिवसाला दहा तासांच्या वर जाता येत नव्हतं. आकडे चांगले आहेत. पण आमच्या धंद्यात घोळ होतो तो हिशोबात. चाक फिरतंय तेवढंच काम धरलं जातं, आणि मांडवाच्या मागे खुर्चीत बसून काढलेले बारा तास आराम म्हणून मोजले जातात.

एका लग्नाची गोष्ट सांगतो. मी तेव्हा तिशीत होतो. रात्री लालबागहून वऱ्हाड घेतलं, पहाटे संगमेश्वरच्या पुढे एका गावात पोचलो. म्हटलं, आता झोपू. तेवढ्यात नवऱ्यामुलाचे मामा आले, "भाऊ, स्टेशनवरून पाहुणे आणायचेत, एक फेरी." एकाच्या तीन फेऱ्या झाल्या. मग फुलं राहिली, मग बर्फ राहिला. दुपारी जेवण झालं, तर मांडवात बेंजो सुरू. रात्री नऊला वऱ्हाड परत निघालं तेव्हा मी छत्तीस तासांत जेमतेम दोन तास डोळा मिटला होता. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मालकाकडे तक्रार गेली तर पुढचं भाडं दुसऱ्याला मिळतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

कशेडी उतरलो, महाड गेलं, माणगाव गेलं. कोलाडच्या आसपास तीन-साडेतीन झाले असतील. केबिनमध्ये माझ्या डाव्या हाताला नवऱ्यामुलाची आजी बसली होती, तिला मागे गाडी लागायची म्हणून. अख्खी बस झोपलेली. अचानक दंडाला तिचा हात लागला. "लेका, डोळा लागला तुझा." मी म्हटलं, नाही आजी. ती म्हणाली, "मघापासून बघतेय. हे दुसऱ्यांदा. गाडी बाजूला घे."

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागून दोघे-तिघे उठले, कुरकुरले, सकाळी कामावर जायचंय म्हणाले. आजी केबिनच्या दारात आडवी उभी राहिली. "त्याला झोपू द्या. कोणी आवाज करायचा नाही." चाळीस मिनिटांनी तिनंच मला उठवलं.

माझा डोळा लागला होता हे मला कळलंच नव्हतं. मी तिला नाही म्हणालो तेव्हा खोटं बोलत नव्हतो. पुढे एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी हे उलगडून सांगितलं. अशी डुलकी दोन-चार सेकंदांची असते आणि ज्याला लागते त्याला ती आठवतही नाही. ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर, म्हणजे पाचाहून जास्त बस एकामागे एक लावल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं, तेही चालक नसलेल्या गाडीचं. डॉक्टर म्हणाले, सतत सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंद होते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. त्या दिवशी वर्गात बसून मी त्या लग्नाचे तास बोटांवर मोजत होतो.

चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी, सगळं करून पाहिलंय. पाण्यानं दहा मिनिटं निभावतात. झोपेला फक्त झोपच लागते. पहाटे दोन ते पाच तर शरीरच आतून बंद पडायला बघतं, आणि मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या नेमक्या तेव्हाच बोरघाट उतरत असतात. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी लागते, इंजिननं तिला धरायचं असतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे होतात. कुठल्या वळणाआधी गिअर टाकायचा, हे पेंगुळलेल्या डोक्याला वेळेवर सुचत नाही. म्हणून त्या वेळी मागून कोणी "काका, जरा पळवा की" म्हणू नका, हात जोडून सांगतो.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. तेव्हापासून गाडी सुटायच्या आधी मी सगळ्यांना संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायची हातोडी हाताला धरून दाखवतो. काही हसतात, मोबाइलमध्ये बघत राहतात. मी तरी दाखवतो.

गाडी ठरवणाऱ्यांशी थोडं बोलतो. तुमच्याकडे लग्न असेल तर हॉलवर खोल्या घेतानाच एक ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी धरा. पंखा असलेली, दार लागणारी, बेंजोपासून लांबची. गावातल्या फेऱ्यांना रिक्षा किंवा जीप सांगा, रात्रभर चालून आलेल्या माणसाला पाठवू नका. रात्री जायचं आणि दुसऱ्याच रात्री परतायचं असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा. त्याचा पगार आणि भत्ता भाड्यात चढेल, पण पंचेचाळीस माणसांत वाटला तर माणशी एका जेवणाइतकाही येत नाही. आणि बुकिंग करताना मॅनेजरला एवढं विचाराच, की आमचा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे होता. दहा पार्ट्यांनी हे विचारलं ना, तर अकराव्या वेळी मॅनेजर आपणहून आम्हाला सुट्टी देईल. आम्ही मागून ती मिळत नाही.

गेल्या माघात पालीला एका कुटुंबाला घेऊन गेलो होतो. उतरताना त्यांच्यातल्या बाईंनी भक्तनिवासाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मुलांना बजावलं, "चार वाजेपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही, काका झोपणार आहेत." मला आमची गॅलरी आठवली.

आज रात्री साडेदहाला परळहून माझी गाडी आहे, सावंतवाडीचं वऱ्हाड. सोबत दुसरा ड्रायव्हर आहे, मी आधीच विचारून घेतलंय. इथून निघालो की घरी जाऊन झोपायचंय. सुनेनं नातवाला खाली खेळायला पाठवून ठेवलंय.

नमस्कार.