ट्रेलरच्या भिंतीला फळी लावताना

मंडळी, नमस्कार. आजचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. पलंगाशेजारी चष्मा, फोन आणि पाण्याची बाटली ठेवायला एक फळी लावायची, त्यावर व्याख्यान कसले? परंतु इथे अमेरिकेत आल्यावर ज्यांनी गाडीमागे ओढायचा, आत राहण्या-झोपण्याची सोय असलेला ट्रेलर घेतला आहे, त्यांना अनुभव असेल की रात्री काढून ठेवलेला चष्मा एक तर उशीखाली जातो, नाहीतर गादी आणि भिंत यांमधल्या फटीत. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी साधारणपणे साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. आठ फुटी ट्रेलरमधून भिंतींची जाडी आणि ६० इंची पलंग वजा केला, तर दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा-सव्वा फूट उरतो. त्यात तिपाई मावत नाही, म्हणून आपली नजर भिंतीकडे जाते.

इथेच आपली फसगत होते, कारण 'भिंत' या शब्दाबरोबर आपण जी वस्तू मनात धरतो ती वेगळी असते. कोकणातल्या आमच्या घरी जांभ्याची दीड फुटी भिंत होती. तिच्या पोटात कोनाडा होता, खुंटीला ओले घोंगडे टांगले तरी तिला त्याची जाणीवही होत नसे. ट्रेलरची भिंत आतून बाहेरपर्यंत सगळी मिळून दीड ते दोन इंचांची असते. आतल्या बाजूला साधारण एक अष्टमांश इंच जाडीचा, म्हणजे तीन मिलिमीटरचा, हलका प्लायवुड आणि त्यावर छापील कागद किंवा व्हिनाइल. त्यामागे दोनपैकी एक रचना सापडते. बाहेरून पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दिसत असेल, तर आत बहुधा दीड इंची लाकडी पट्ट्यांची चौकट आणि काचतंतूंचा कापूस असतो. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत फायबरग्लासचा असेल, तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची चौकट आणि फोमचे ठोकळे हे सगळे एकत्र चिकटवून दाबलेले असते. फळी लावण्यापूर्वी आपली भिंत यांपैकी कोणती हे ओळखावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यावर ठरते.

माझ्या पहिल्या फळीची हकीकत सांगतो. मी दुकानातून तयार फळी आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या आणल्या. आपल्याकडचे वायरमन विटांच्या भिंतीत ठोकतात त्याच. चार भोके पाडली, फळी घट्ट बसली, हाताने दाबून पाहिली आणि आम्ही निघालो. मुक्कामी पोहोचून दार उघडले, तर फळी पलंगावर पालथी पडलेली. चारही गिट्ट्या स्क्रूंना तशाच अडकलेल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती प्लायवुडचा तपकिरी भुसा होता. भिंतीवरच्या भोकांच्या कडा बाहेर ओढल्या गेल्या होत्या आणि छापील कागदाची एक लांब साल लोंबत होती. फळीवर तर काहीच ठेवलेले नव्हते. ती स्वतःच्या वजनाने आणि रस्त्याच्या धक्क्यांनी निघाली.

असे का झाले? गिट्टी फुगून आपल्या भोवतालच्या जाड पदार्थाला पकडते, आणि तीन मिलिमीटरमध्ये पकडायला काही नसते. शिवाय फळी भिंतीला नुसती खाली खेचत नाही, वरचा स्क्रू बाहेरही ओढते. समजा भिंतीपासून तीन इंचांवर चार पौंडांचा भार आहे आणि कंसाची, म्हणजे फळीला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या काटकोनी आधाराची, उंची तीन इंच आहे; तर वरच्या स्क्रूवर बाहेरच्या दिशेने चार पौंडांची ओढ येते. कंस सहा इंच उंच घेतला, तर तीच ओढ दोन पौंडांवर येते. खड्ड्यात चाक आपटले की हे आकडे क्षणभर कितीतरी पटींनी वाढतात. म्हणून फळी अरुंद असावी आणि कंस उंच असावा. दुकानात मात्र नेमके उलटे, रुंद फळीला नाजूक कंस, असे विकायला ठेवलेले असते.

चौकट शोधण्यासाठी लाकडी रचनेत एक छोटे पण जोरदार लोहचुंबक पुरते. प्लायवुड पट्ट्यांवर स्टेपलने ठोकलेला असतो, त्यामुळे चुंबक भिंतीवरून फिरवताना जिथे अडकते त्याच्या सरळ रेषेत वर-खाली पट्टी असते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे दुसऱ्या रचनेत ही युक्ती चालत नाही. स्क्रूची लांबी मात्र दोन्हीकडे आधी मोजूनच घ्यावी. दीड इंची भिंतीत दीड इंची स्क्रू म्हणजे बाहेरच्या पत्र्याला भोक, आणि त्या भोकातून येणारे पावसाचे पाणी आतल्या आत चौकट कुजवते. पलंगाजवळ वाचायचा दिवा असतोच, म्हणजे त्याच्या तारा याच भिंतीत आहेत. तेव्हा ड्रिल हाती घेण्यापूर्वी बाहेरची वीजजोडणी काढावी आणि बॅटरीची जोडणीही सोडवावी. गोंदावर किंवा दुहेरी चिकटपट्टीवर विसंबणाऱ्यांना एवढेच सांगतो की गोंद कागदाला छान धरतो, पण कागद प्लायवुडला तितका धरत नाही.

आता माझी दुसरी फळी. माझ्या मते ट्रेलरच्या भिंतीला भार उचलायला सांगूच नये. फळी सरळ उभी राहील इतकेच काम तिच्याकडून घ्यावे. आमचा पलंग पेटीपलंगासारखा आहे, खाली सामानाचा खण असलेला. त्या पेटीच्या कडेवर मी अर्धा इंची प्लायवुडचा एक उभा तक्ता टेकवला आणि त्याच्या डोक्यावर सहा इंच रुंद, फूटभर लांब फळी बसवली. सगळे वजन तक्त्यावरून पेटीत आणि पेटीतून जमिनीत उतरते. भिंतीत, चुंबकाने शोधलेल्या पट्टीवर, एक इंच लांबीचे फक्त दोन स्क्रू आहेत. फळीच्या तिन्ही उघड्या बाजूंना इंचभर उंचीची पट्टी आहे, बोटीतल्या फळ्यांना असते तशी, आणि कोपरे गोल घासले आहेत, कारण रात्री उठताना डोके नेमके तिथेच जाते.

जागा ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. शयनभागातली एखादी खिडकी आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी असते, तिच्या कड्या बहुधा लाल असतात. फळी तिच्या आड येता कामा नये. आणि ट्रेलरची एखादी बाजू आत-बाहेर सरकणारी असेल, तर ती पूर्ण आत घेऊन मगच मोजमाप करावे. हे मी नाही, आमच्या एका स्नेह्यांनी शिकवले. त्यांची फळी उत्तम बसली होती, पण निघायच्या दिवशी बाजू आत घेताना ती समोरच्या कपाटाच्या दारातून आरपार गेली.