चपलेची चाकं, बाभळीची शिंगं

[दृश्य: पावसाळी सकाळ. हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव. ओसरीवर रबरी चपलांचा छोटा ढीग. एक म्हातारी तुटलेल्या चपलेवर वाटी उपडी ठेवून कोळशानं गोल आखते आहे.]

श्रावण सरत आला की आमच्या गल्लीत तुटकी चप्पल कोणी उकिरड्यावर टाकत नाही. पट्टा तुटला, टाच झिजली, तरी ती ओसरीच्या कोपऱ्यात जाते. एका तळव्यात दोन चाकं निघतात, तळवा मोठा असला तर तीन. चाकं चार लागतात, म्हणजे एका जोडीत एक नंदी चालता होतो.

पोळ्याला चार दिवस आहेत आणि तान्ह्या पोळ्याला पाच.

विदर्भाबाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. श्रावण अमावस्येला पोळा, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, लेकरांचा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी नंदी सजवतात, दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, मग घरोघर फिरवतात. ज्या घरी नंदी जातो, त्या घरची बाई त्याला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवते. नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजीराजांनी, 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आमच्याच वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावी तान्ह्या पोळ्याची मोठी जत्रा होते. तिथले नंदी माणसाहून उंच, दोन-चार गड्यांनी ढकलावेत असे.

आमच्या गल्लीतले नंदी वीतभर असतात.

[दृश्य: पोराचे हात. तो चपलेच्या तळव्यातून चाक कापतो आहे.]

हा शेजारचा पोट्टा, चौथीत आहे. त्याच्या घरी मागच्या उन्हाळ्यापर्यंत बैलजोडी होती. कडबा परवडेना, गडी मिळेना, शेवटी जोडी बाजारात गेली. आता नांगरणी ट्रॅक्टरनं होते आणि डवरणीपुरती, म्हणजे उभ्या पिकातल्या मशागतीपुरती, जोडी भाड्यानं आणतात. या घरचा यंदाचा पोळा बैलाविना. त्यात याला नंदी पाहिजे. बाजारातला सागवानी नंदी घ्यायचा तर त्याच्या मायच्या निंदणाच्या दोन दिवसांची मजुरी जाते. मायनं ते स्पष्टच सांगितलं. रडारड झाली, आणि मग आजीनं हाक मारली, "कायले रडतं बाप्पा? इकडे ये. घरात काय पडलं हाये ते आन."

तो जे घेऊन आला ते सगळं या सुपात आहे. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली. मागच्या वर्षीच्या दोन वह्या. तुराट्या. सुतळीचं भेंडोळं. मायच्या फाटक्या पातळाचा काठ. यातली एकही वस्तू विकत आणलेली नाही.

[दृश्य: बाटली, त्यावर सुतळी गुंडाळताना.]

बाटली म्हणजे बैलाचं धड. तिच्यात आधी तीन-चार मुठी कोरडी माती भरायची. रिकामी ठेवली तर बैल हलका होतो आणि ओढताना वळणावर कलंडतो. वरून सुतळी घट्ट गुंडाळायची, कारण प्लास्टिक गुळगुळीत असतं, लगदा त्याच्यावर ठरत नाही, सुतळीच्या खरबरीत अंगाला मात्र चिकटून बसतो. पायांना तुराटीचे चार सारखे तुकडे. खाली दोन आडव्या काड्या, आणि त्यांच्या टोकांना चपलेची चाकं. भोक पाडायला खिळा चुलीत तापवून घेतात. एवढं काम मोठ्या माणसानं करावं.

आमच्या लहानपणी हीच गंमत ज्वारीच्या धांड्यात होती. धांड्याचं सालटं सोललं की आत पांढरा, हलका गाभा. गाभ्याची चाकं, सालट्याच्या खिळ्या. एका दुपारी आख्खी बंडी, म्हणजे बैलगाडी, तयार व्हायची, धुरा, साटी, जू सगळं. आता गावात ज्वारी एखाद्या वावरात दिसते. सगळीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन. सोयाबीनच्या कुटारातून बंडी होत नाही. मला धांड्याच्या बंडीची फार आठवण येते, हे इथं सांगून टाकतो. पण पोरं थांबून राहत नाहीत. त्यांच्या हाताला बाटली आली, त्यांनी बाटलीचा बैल केला.

[दृश्य: पाट्यावर कागदाचा लगदा. शेजारी वाटीत भिजलेल्या मेथ्या.]

लगद्याची रीत आजीची, आणि तिला तिच्या सासूची. पूर्वी घरोघरी कागदाच्या टोपल्या असत. उपड्या भांड्यावर लगदा थापायचा, वाळला की टोपली सुटून येते. तिच्यात डाळ राहायची, सरगुंडे राहायचे. तोच लगदा इथं बैलाच्या अंगावर चढतो.

वह्यांच्या पिना आधी काढायच्या. कागद बारीक फाडून दोन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. मग पाट्यावर किंवा उखळीत कुटायचा, इतका की अक्षर दिसू नये. हा पोट्टा कुटता कुटता मध्येच थांबतो आणि म्हणतो, "आजी, हे माहं गणित हाये." पाढे लिहिलेलं पान होतं. आजी म्हणते, "कूट. बैलाच्या पोटात राहीन."

मग मेथ्या. रात्री भिजवून सकाळी वाटलेल्या. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो, आणि तिच्या कडू वासानं कसर लागत नाही. किती घालायच्या, असं मी विचारलं. आजीनं उत्तर दिलं नाही. तिनं माझा हात धरून लगद्यात घातला. बोटं ओढली की मऊ, चिकट तार आली. तेवढ्या.

इथं माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मागच्या वर्षी मी पुतण्यासाठी असाच बैल केला आणि घाईनं एकाच दिवशी बोटभर जाड थर दिला. वरून खडखडीत वाळला, आतून ओला राहिला. पोळ्याच्या सकाळी फडक्यातून काढला तर हिरवी बुरशी आणि आंबूस वास. पुतण्या काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. भादव्याच्या तोंडाशी ऊन भरवशाचं नसतं. म्हणून थर पातळ द्यायचा, चपातीपेक्षा थोडा जाड, आणि एक वाळल्यावरच दुसरा. वाळवायची जागा चुलीवरची फळी. गॅस असलेल्या घरी पंख्याखाली ठेवा, वेळ जास्त लागेल.

आणि वेळच नसेल तर लगदा सोडून द्या. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कणकेच्या खळीत बुडवून बाटलीवर आडव्या-उभ्या चिकटवा, तीन थर. संध्याकाळी बसलात तर सकाळी बैल उभा असतो. शेवटच्या दिवशी जागी होणारी घरं हेच करतात, आणि अशी घरं पुष्कळ आहेत.

[दृश्य: शेताच्या बांधावर फवारणी. पाठीवर पंप घेतलेला माणूस दुरून.]

आता एका गोष्टीपाशी थांबायचं आहे.

पोळ्याचे दिवस म्हणजे फवारणीचेही दिवस. पऱ्हाटीला पात्या-फुलं लागलेली असतात, अळी येते, मावा-तुडतुडा येतो. बांधावर, विहिरीपाशी, गोठ्याच्या वळचणीला औषधाचे रिकामे डबे पडलेले असतात. दिसायला छान, घट्ट झाकणाचे, चकचकीत. पोराला बैलाचं धड म्हणून तोच डबा आधी दिसतो. या पोट्ट्याच्या सुपातही एक होता. आजीनं तो उचलला, त्याचे हात साबणानं दोनदा धुवायला लावले, आणि त्याच्या बापाला हाक मारली.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. ते दिवस या पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो घरात घ्यायचा नाही. खेळण्याला नाही, कुंडीला नाही, तेलाला तर नाहीच. फवारणीचं पाणी कालवतानाच डबा तीनदा विसळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं, आणि मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडायची, म्हणजे पुन्हा कोणी त्यात काही भरणार नाही. कपाशीचं रंगीत बियाणं येतं, त्याची पाकिटंही तशीच. तो रंग औषधाबरोबर चढवलेला असतो. पाकिटावरचं चित्र पोरांना आवडतं म्हणून ते चिकटवायला घेऊ नका.

टाकाऊतून टिकाऊ करायची हौस मला आहे. घरातलं काहीही वाया जाऊ देऊ नये, असंच मला वाटतं. तो डबा सोडून.

[दृश्य: बाभळीची फांदी, अगदी जवळून. पांढरट काट्यांची जोडी.]

शिंगांसाठी पोरं तार वाकवतात. आजीनं पोट्ट्याला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाठवलं. बाभळीचा काटा जोडीनं येतो. एकाच पेरातून दोन काटे, इकडे एक, तिकडे एक, मधे थोडी फांदी. तेवढा तुकडा कापला की शिंगांची जोडी डोक्यासकट हातात येते. टोकं चाकूनं बोथट करायची, वर मेणाचा थेंब द्यायचा, मग हिंगुळाच्या लाल रंगाऐवजी कुंकू लावायचं.

अंगाला पांढरा रंग हवा. शाळेतले खडूचे तुकडे वाटून खळीत कालवले. डोळे काजळाचे. शेपटी सुतळीची, टोक उकललेलं. झूल मायच्या पातळाच्या काठाची. जांभळ्या काठावर पिवळी वेलबुट्टी, ती बरोबर पाठीच्या मधोमध आली. माय दाराआडून पाहत होती. "लग्नातलं हाये ते," एवढंच बोलली.

[दृश्य: गोठा. भिंतीच्या खुंटीला घुंगरमाळ.]

रंग वाळेपर्यंत पोराचा बाप गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात विकलेल्या बैलाची घुंगरमाळ होती. बैल देताना दावं द्यावं लागतं, माळ त्यानं ठेवून घेतली होती. पितळेची, काळी पडलेली. त्यातलं एक घुंगरू त्यानं चिमट्यानं सोडवलं, चिंच लावून घासलं, आणि नंदीच्या गळ्यात स्वतः बांधलं. कॅमेरा चालू होता. त्यानं मान वर केली नाही.

[दृश्य: शेजारचं घर. शिलाई मशीन. जुन्या गणवेशाच्या पँटी.]

नंदी तयार झाला की दुसरी बाजू उरते, बोजाऱ्याची. पैसे तर देतातच. पण या गल्लीतल्या बाया दोन-तीन वर्षांपासून पैशांबरोबर काहीतरी हातचं देतात. सगळ्यात जलद होणारी वस्तू सांगतो.

शाळेच्या जुन्या पँटीचा मागचा खिसा. गुडघ्यावर पँट विरते, बुडाखाली विरते, खिसा मात्र कोरा करकरीत राहतो. तो मागच्या कापडासकट कापायचा, चारी बाजूंनी बोटभर जास्त. कड दुमडून टीप मारायची, तोंडाशी एक नाडी. झाला बटवा. खिसा आधीच शिवलेला असतो, निम्मं काम गणवेश शिवणाऱ्या शिंप्यानंच केलेलं. मशीनवर दहा मिनिटं लागतात, हातानं अर्धा तास. आत मूठभर फुटाणे, गुळाचा खडा आणि दहाचं नाणं. फुटाणे संपले की पोरं त्यात गोट्या ठेवतात, पेन्सिली ठेवतात.

ब्लाउजच्या अस्तनीचीही अशी पिशवी होते. मला खिशाचीच जास्त आवडते.

[दृश्य: पोळ्याची आदली संध्याकाळ. पळसाचं पान, वाटीत कोमट तूप आणि हळद.]

आज खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेला खांदा तूप-हळदीनं शेकायचा आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." या घरी शेकायला खांदा नाही. आजी पोट्ट्याला हाक मारते. तो नंदी पाटावर ठेवतो, पळसाचं पान तुपात बुडवतो आणि चपलेच्या चाकांच्या, पाढ्यांच्या पोटाच्या त्या बैलाला हलकेच लावतो. पांढऱ्या रंगावर पिवळा डाग पडतो. तो घाबरून आजीकडे पाहतो.

"राहू दे," आजी म्हणते. "खऱ्यालेबी पडते."

[दृश्य: पाडव्याची सकाळ. दारादारातले पळसाचे मेढे गावाबाहेर नेताना पोरं.]

पाडव्याच्या पहाटे दारात लावलेल्या पळसाच्या डहाळ्या उचलून शिवेबाहेर टाकतात. "घेऊन जा गे मारबत" असा ओरडा होतो, रोगराई, खोकला, माश्या, सगळं तिच्याबरोबर पाठवतात. नागपुरात याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. मागोमाग बडगे, म्हणजे तसेच पुतळे, कागदाचे, चिंध्यांचे, घरातल्या भंगाराचे. मिरवून झाले की जाळून टाकतात.

आमच्याकडे मेढे टाकून पोरं परत येतात, हातपाय धुतात, आणि नंदी बाहेर काढतात.

[दृश्य: आखरावर तोरण. रांगेत नंदी. सागवानी, पत्र्याचे, एक खराट्याच्या काड्यांचा, एक दुधीभोपळ्याचा.]

रांगेत सगळेच आहेत. सरपंचाच्या नातवाचा पॉलिश केलेला सागवानी नंदी आणि त्याच्या शेजारी आमचा. रात्री पाऊस झालाय, जमीन ओली. लाकडी चाकं चिखलात रुततात. चपलेची चाकं रुंद असतात, रबराची, ती चिखलावरून सरळ जातात. पोट्टा दोरी ओढतो. घुंगरू वाजतं, लहानशा बैलाच्या मानानं फार मोठ्यानं.

तोरणाजवळ उभा असलेला त्याचा बाप आवाज ऐकून वळून पाहतो.

पहिलं घर आजीचं. ती ताट घेऊन दारातच उभी आहे. नंदीच्या पायावर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, ओवाळते. मग बटवा पोराच्या हातात देते. तो तिथंच नाडी सोडून आत पाहतो, फुटाण्यांचा बोकणा भरतो आणि भरल्या तोंडानं विचारतो, "आजी, पुढच्या वर्षी जोडी करू?"

आजी ताट खाली ठेवते. "वह्या सांभाळून ठेवजो मंग," ती म्हणते, "अन् चप्पल जपून नको घालू."

[दृश्य: ओल्या रस्त्यावर चाकांच्या दोन रेघा, त्यांच्या आत चपलेच्या तळव्याची नक्षी उमटलेली. दूर घुंगराचा आवाज, दुसऱ्या घराकडे जाणारा.]