सेव्हर्नच्या वळणात दोन रात्री

[गाडीच्या खिडकीतून. शुक्रवार, संध्याकाळ.]

बर्मिंगहॅमहून सुटलेली गाडी तासाभरात इंग्लंडमधल्या श्रुजबेरी या गावाजवळ येते. गाडीचा वेग मंदावला की मोबाइल खाली ठेवा आणि बाहेर बघा. रुळांच्या बेचक्यात उभी असलेली ही विटांची उंच इमारत म्हणजे सेव्हर्न ब्रिज जंक्शनची सिग्नल केबिन. बांधली 1903 साली, आत 180 लिव्हर. माणसानं लिव्हर ओढायचा, तार ताणली जाते आणि तिकडे रुळाकाठी खांबावरचा लाल हात हलतो.

[जवळून: सिग्नलचा हात. तारेचा आवाज राहू द्यावा.]

हातानं चालणारी एवढी मोठी सिग्नल केबिन जगात आता दुसरीकडे कुठेही कामात नाही. मोटारीनं आलात तर हिचं दर्शन होत नाही, एवढं सांगून ठेवतो.

स्टेशनही निरखून बघण्यासारखं आहे. इमारत 1848ची. पुढे प्रवासी वाढले, जागा पुरेना, तेव्हा मजला वर चढवला नाही. इमारतीखालची जमीन खणून तिच्या खाली नवा मजला घातला. फलाटांचा काही भाग तर चक्क नदीवरच्या पुलावर आहे.

[आकाशातून: नदीचं वळण, मधोमध गाव.]

बेत आखताना पहिला प्रश्न असतो राहायचं कुठे. त्याचं उत्तर या एका दृश्यात आहे. सेव्हर्न नदी गावाला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. कोरडी राहते ती एक चिंचोळी मान, आणि नेमका तिच्यावर नॉर्मन लोकांनी किल्ला बांधला. बाकी तिन्ही बाजूंची राखण नदीच करायची. आत यायला पूर्वेकडून इंग्लिश ब्रिज, पश्चिमेकडून वेल्श ब्रिज. खोली या वळणाच्या आतच घ्या. जुन्या सराईत उतरणार असाल तर लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. आईवडील बरोबर असतील तर नक्कीच. एकदा सामान टाकलं की दोन दिवस पायच पुरतात.

हिवाळ्यात मात्र नदीची पातळी पाहूनच निघावं. पाऊस वेल्सच्या डोंगरांत पडतो आणि पाणी इथे चढतं. 2020च्या फेब्रुवारीत असंच झालं. वेल्श ब्रिजपलीकडच्या फ्रँकवेलमध्ये आता पुराच्या वेळी उभ्या करायच्या सुट्या भिंती आहेत.

[शनिवार सकाळ. बाजाराचा घड्याळाचा मनोरा, मग आतले गाळे.]

शनिवारची सकाळ बाजाराला द्या, कारण रविवारी तो बंद असतो. इमारत 1965ची, बाहेरून रुक्ष. आत शिरलात की चीजची चाकं, बर्फावरची मासळी, जुनी पुस्तकं आणि गरम न्याहारीचा वास. इथेच पोटभर खाऊन घ्या.

[बुचर रो, ग्रोप लेन. कॅमेरा वर बघत चालतो.]

बाजारातून उतरलात की या गल्ल्या लागतात. काळ्या लाकडाच्या चौकटी, मधे पांढरा गिलावा, आणि वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. काही ठिकाणी समोरासमोरच्या माड्या एकमेकींना टेकायच्याच बाकी आहेत. पंधराव्या ते सतराव्या शतकातली ही घरं उभी राहिली कापडाच्या पैशावर. वेल्समध्ये विणलेलं लोकरी कापड इथे यायचं, इथले कापडवाले ते विकत घ्यायचे, त्यावर पुढचं काम करवून लंडनकडे रवाना करायचे. विणकर तिकडे, नफा इकडे.

चौकातली ही दगडी कमानींची इमारत म्हणजे 1596चा जुना बाजार. वरच्या मजल्यावर कापडाचे सौदे, खाली धान्य. आता वर सिनेमागृह आहे. पण आधी कमानीखाली या आणि हा खांब बघा.

[अगदी जवळून: दगडातली भोकं. बोट एका भोकावरून दुसऱ्यावर.]

दगडात ओळीनं पाडलेली ही भोकं म्हणजे तेव्हाची हिशेबाची वही. माल मोजला गेला की खुंटी एक भोक पुढे.

[कॅमेरा वळतो. पुतळा.]

आणि चौकात उभा आहे रॉबर्ट क्लाइव्ह. या गावाचा खासदार, 1762 साली महापौर. पुतळा 1860चा. आपल्याला त्याची ओळख प्लासीमुळे असते, पण त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, हा माणूस कोकणात होता. समुद्रातून अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरून क्लाइव्हच्या तुकड्या, अशी विजयदुर्गाची कोंडी झाली. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा होता. इंग्रजांना या मोहिमेत सोबत घेतलं होतं खुद्द नानासाहेब पेशव्यांनी. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. किल्ल्यात सापडलेला खजिना इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. पुतळा हटवावा, अशी मागणी 2020 साली झाली. पुतळा जागेवरच राहिला.

[किल्ल्याजवळचा रस्ता. भिंतीवरची पाटी.]

पुण्याचे पाहुणे बरोबर असतील तर एव्हाना श्रुजबेरी बिस्किटांची चौकशी झालेली असेल. कॅम्पातली कयानी बेकरी 1955ची. इथल्या श्रुजबेरी केकची कीर्ती त्याच्या कितीतरी शतकं आधीची. नाव केक, असतात बिस्किटंच: लोणी, साखर, मैदा, जुन्या कृतींत गुलाबपाणी. किल्ल्याजवळच्या या पाटीवर पॅलिन नावाच्या केकवाल्याचं नाव आहे, आणि त्याच्या कृतीचं साल, 1760. चवीची तुलना मात्र ज्यानं त्यानं करावी. पुणेकर करतीलच.

समोरच्या जुन्या शाळेच्या दारात डार्विन बसलेला आहे. जन्म याच गावातला, 1809चा, आणि शाळाही हीच.

[रविवार. लांबून गिरणी, छपरावरचा ओतीव लोखंडी मुकुट.]

रविवार मोकळा ठेवा तो या इमारतीसाठी. माहितीपत्रकांत हिला शेवटच्या पानावर ढकलतात. आमच्या मते बेत इथूनच आखायला घ्यावा. स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर डिदरिंग्टनची जवसाच्या धाग्याची ही गिरणी, 1797ची.

त्या काळी गिरण्या सतत जळायच्या. लाकडी तक्तपोशी, हवेत धाग्याची कोरडी धूळ आणि उजेडाला उघडी ज्योत. लीड्समधली जॉन मार्शल यांची गिरणी 1796 साली अशीच जळाली. मार्शल यांचे इथले भागीदार होते चार्ल्स बेज, धंद्यानं दारूचे व्यापारी. डर्बीशायरमध्ये विल्यम स्ट्रट यांनी लोखंडी खांबांच्या गिरण्या बांधल्या होत्या, पण तुळया लाकडीच. बेज यांनी तुळयाही लोखंडाच्या घेतल्या.

[आतून: खांबांची रांग. एका खांबावर थांबावं.]

हा खांब वरपासून खालपर्यंत बघा. आडवा छेद अधिकाच्या चिन्हासारखा, आणि मध्यावर जाडी वाढवलेली, कारण भारानं खांब वाकलाच तर तिथे वाकेल. खांबांवर तुळया, तुळयांमध्ये विटांच्या कमानी, कमानींवर जमीन. असे पाच मजले, आणि आग धरेल असं लाकूड सांगाड्यात कुठेच नाही. ओतकाम गावातच झालं, विल्यम हेझलडीन यांच्या भट्टीत. याच परगण्यात कोलब्रुकडेलला 1709 साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं गेलं होतं, 1779 साली लोखंडी पूल उभा राहिला होता. लोखंड कसं वागतं हे जाणणारी माणसं इथे हाताशी होती. खांब-तुळया दोन्ही लोखंडाच्या असलेली ही जगातली पहिली इमारत. पुढच्या गगनचुंबी इमारती याच वाटेनं आल्या.

धाग्याचं काम 1886 मध्ये संपलं. मग 1897पासून 1987पर्यंत इथे दारूसाठी बार्ली भिजवून मोड आणत. बुजवलेल्या खिडक्या त्या काळातल्या. नंतर बरीच वर्षं ओसाड. दुरुस्त होऊन 2022 साली दारं पुन्हा उघडली. गिरणीत लहान मुलंही राबत. त्यांना ठेवायची इमारत शेजारीच आहे.

[स्टेशन. फलाटावरची पाटी.]

गिरणीची वेळ निघण्याआधी तपासा आणि किमान दोन तास हातात ठेवा. रविवारी गाड्या कमी असतात, रुळांची कामंही त्याच दिवशी निघतात, म्हणून परतीचं तिकीट आधी काढा. लंडनला जाणाऱ्यांना बर्मिंगहॅम किंवा क्रू इथे गाडी बदलावी लागते. दोघं असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डावर भाडं एक तृतीयांश कमी होतं.