घड्याळाच्या नावाचा तांदूळ

श्रोतेहो, नमस्कार. किराणा दुकानात एचएमटी तांदळाचं पोतं तुम्ही पाहिलेलंच आहे. विदर्भातल्या घरांना तर तो सांगायलाच नको. आज बोलायचं आहे ते या तांदळाच्या माणसाबद्दल. दादाजी रामाजी खोब्रागडे, गाव नांदेड. मराठवाड्यातलं, गुरुद्वाराचं नांदेड नव्हे बरं का. हे आमच्या झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं छोटं गाव. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत आणि शेती दीड एकर. दीड एकर, एवढं ध्यानात असू द्या.

गोष्ट १९८३ सालची. दादाजींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पटेल-३ हे धान उभं होतं. तेव्हा या वाणाचं चांगलं नाव होतं. धान निसवलं, भरलं, पिकायला आलं. दादाजी बांधीत फिरत होते आणि एका ठिकाणी थांबले. तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग जरा निराळा पिवळा, दाणा बारीक. आता तुम्हीच सांगा, पिकलेल्या बांधीत पिवळ्यातलं वेगळं पिवळं कुणाला दिसतं? आपण असतो तर विळा चालवला असता, पेंढी बांधली असती आणि खळ्यावर नेऊन टाकली असती. दादाजींनी त्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि घरात जपून ठेवल्या.

पुढच्या हंगामात ते दाणे त्यांनी शेताच्या मधोमध, खाटेएवढ्या जागेत लावले. शेत जंगलाच्या कडेला. रानडुक्कर एकदा शिरलं की रात्रीत वाटोळं. म्हणून भोवती काट्याकुट्या टाकल्या. पीक आलं, त्यातलं पुन्हा निवडलं, पुन्हा लावलं. जे रोप जातीशी फटकून दिसेल ते उपटलं. असं वर्षामागून वर्ष. घरच्या खाण्यापुरतं धान पिकवायची मारामार, आणि त्या दीड एकरातला तुकडा हा माणूस अशा उद्योगाला देत होता. घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल, त्याचा अंदाज तुम्हाला आहेच.

बियाणं पुरेसं झालं तेव्हा ते गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने नेऊन लावलं. हे साधारण १९९० सालचं. धान उतरलं भरपूर, आणि ते गेलं तळोधीच्या बाजारात. व्यापाऱ्याने मूठभर हातात घेतलं, बारीक दाणा पाहिला आणि जातीचं नाव विचारलं. नाव कुठे होतं? कुणी ठेवलेलंच नव्हतं. आणि बिननावाचा माल बाजारात विकायचा कसा? त्या काळात एचएमटीचं घड्याळ म्हणजे मोठी ऐट. लग्नात जावयाला तेच हवं असायचं. व्यापाऱ्याने तेच नाव या धानाला देऊन टाकलं, एचएमटी. झालं बारसं!

जाता जाता सांगतो, ती चावीची घड्याळं फार चांगली होती. रोज सकाळी चावी द्यायची, म्हणजे निदान एकदा तरी माणूस वेळेचा विचार करायचा. आता वेळ सगळ्यांच्या खिशात आहे आणि सभा एक तास उशिरा सुरू होते. असो.

तर नाव पसरलं. छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र, तेलंगण, सगळीकडे एचएमटी गेला. दादाजी मात्र नांदेडलाच राहिले. जो मागायला आला त्याला बियाणं दिलं. ना पावती, ना सही. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानेही, म्हणजे पीकेव्हीनेही, त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली पीकेव्ही एचएमटी नावाचं वाण बाहेर काढलं. शेतकऱ्याला स्वतःचं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येईल असा कायदा आपल्याकडे आला २००१ साली. म्हणजे बियाणं आधी गेलं, कायदा मागून आला. पुढच्या एका वाणाला तेवढी दादाजींची आद्याक्षरं लागली, डीआरके. नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड अशी आणखीही वाणं त्यांनी काढली.

मग सत्कार झाले. राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते गौरव झाला, फोर्ब्स मासिकाच्या यादीत नाव आलं. सरकारी सुवर्णपदकही मिळालं. अडचणीच्या काळात ते विकायला काढलं, तेव्हा सोन्यात खोट निघाली. हे वर्तमानपत्रांत गाजलं होतं. अखेरच्या दिवसांत अर्धांगवायूने अंथरूण धरलं. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले.

आता थोडं शास्त्र. धानाचं फूल आपल्या आपणच फळतं, शेजारच्या रोपाचा पराग क्वचितच घेतं. त्यामुळे एका लोंबीची लेकरं बहुतेक आईवरच जातात. म्हणून तीन लोंब्यांपासून वाण उभं राहू शकलं. नजर मात्र हवी, आणि नजरेला वेळ एकच, कापणीच्या आधी. ज्यांना घरचं बियाणं ठेवायचं आहे त्यांनी खळ्यावरच्या ढिगातून उचलू नये. ढिगात सगळे दाणे सारखेच दिसतात. बांधीत उभ्या धानातून निवडा. पुन्हा सांगतो, उभ्या धानातून, कापणीच्या आधी. धुऱ्यालगतचं, म्हणजे बांधाच्या कडेचं सोडा, तिथे शेजारच्या धानाची सरमिसळ असते. निवडलेल्या लोंब्या वेगळ्या झोडा, चांगल्या वाळवा, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.

आणि एक विनंती, एचएमटी कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या देऊ नका. बारीक दाण्याचा गोळा होतो. पातेल्यात, आधणात शिजवा आणि पेज काढा. बासमतीसाठी जीव टाकणाऱ्यांनी एकदा असा भात खाऊन पाहावा.

परसातल्या काकडी-भोपळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मधमाशी शेजारणीच्या वेलावरून येते आणि बी बिघडतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, पद्मश्री मिळालेल्या आपल्या बीजमाता, यांनी गावठी भाज्यांचं, वालाघेवड्याचं बियाणं कसं राखलं आणि कसं वाटलं, ते पुढच्या भागात सांगेन. नमस्कार.