चावी कोणाच्या हातात?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुने सिनेमे, धाडसी संगीत आणि मांगा'. पोर्तुगीज शाळेत गेलेले जे दोन-तीन आजोबा पुढच्या रांगेत बसलेत, ते पोर्तुगीजमधल्या मांग्याच्या, म्हणजे आंब्याच्या आशेनं आले असतील तर आधीच माफी मागतो. हा मांगा जपानी आहे, चित्रकथेचा. मानकुराद नाही.

तिन्ही विषय एकाच दाव्याला बांधायचे म्हणून माझा हट्ट एवढाच: जुनी किंवा परकी वस्तू कंटाळवाणी वाटली, हास्यास्पद वाटली, तर ती कुठल्या वेगानं चाललीय ते आधी तपासा. मत मागाहून द्या.

सिनेमापासून धरू. मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात, म्हणून आपण हसतो. पण १९१३ साली माणसं तशी चालत नव्हती हो! कॅमेऱ्याला हँडल होतं. एका फेऱ्यात ८ फ्रेम पुढं सरकायच्या. सेकंदाला दोन फेरे मारले की १६ फ्रेम. कॅमेरामन हातानं फिरवणार, म्हणजे उन्हात दमला की १४, जोशात आला की २०. पुढं बोलपट आला. आवाजाला डुगडुगणारा वेग चालत नाही, म्हणून २४ हा आकडा कायम झाला. आता १६ नं टिपलेली फिल्म २४ नं चालवली की सगळं दीडपट धावणार. राजा हरिश्चंद्र राज्य सोडून निघाला की शेवटची बस पकडायला निघाला, तेच कळत नाही.

हिशेब करून बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये फुटाला १६ फ्रेम बसतात. म्हणजे १६ च्या वेगाला सेकंदाला बरोबर एक फूट. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट सांगतात. १६ नं चालवला तर एक तास दोन मिनिटं, २४ नं चालवला तर ४१ मिनिटं. पुस्तकांतून 'सुमारे ४० मिनिटांचा चित्रपट' असं वाचलं की माझं डोकं उठतं ते यासाठी. वीस मिनिटं गेली कुठं? कोणी कापली नाहीत, नुसती पळवली.

घरी दुरुस्ती करता येते. संगणकावर व्हीएलसी नावाच्या प्लेयरमध्ये प्लेबॅकचा वेग ०.६७ करा, म्हणजे २४ चे १६ होतात. ०.७५ ला १८, ०.८३ ला २०. नेमका कुठला घ्यायचा? नटाकडे बघू नका, नट खोटं बोलतो. पाण्याकडे बघा. घागर ओतली की धार, घोड्याच्या टापेखालची माती, हातातून पडलेली काठी. गुरुत्वाकर्षण १९१३ सालीही हेच होतं. काठी पटकन आपटली तर वेग अजून उतरवा, कापसासारखी तरंगली तर चढवा. एक सावधगिरी: विनोदी पाठलागात मुद्दाम हळू हँडल मारून पळापळ वाढवलेली असायची. तिथं पाण्याच्या धारेचं ऐकू नका.

काही जुन्या छपाईत वेगळीच खोड असते. प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा छापायची, म्हणजे १६ च्या २४ होतात आणि वेळ बरोबर येतो. पण हात हलला की मध्येच अडखळतो, ओहोटीला वाळूत रुतलेल्या होडीसारखा. ती छपाईतलीच भानगड, प्लेयरमधून काढता येत नाही. आणखी एक: बोलपटात फिल्मच्या एका कडेला आवाजाची पट्टी आली. मूकपट त्या चौकटीतून दाखवला की डावी कड कापली जाते. तिथं उभा असलेला माणूस अर्धाच दिसतो आणि समीक्षक लिहितो की चौकटबांधणी कच्ची.

आणि मग आपला दिवाणखान्यातला टीव्ही! (हशा) हसू नका, तुमच्याच घरचा आहे. जुना सिनेमा ४:३ चा, पडदा १६:९ चा. काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतो. रुंदी तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. सडपातळ नायिका चवथीच्या नेवऱ्यांवर वाढल्यासारखी दिसते, चंद्राचा होतो अंडाकार. पट्ट्या राहू द्या. त्यांचे पैसे पडत नाहीत. सेटिंगमध्ये चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा '४:३' ठेवा. आणि नावात बहुधा 'मोशन' असलेलं काहीतरी तिथंच असतं, कंपनीगणिक नाव वेगळं, ते बंद करा. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं नव्या फ्रेम घालतं. सिनेमाची चाल २४ ची, आणि तो डबा तिची संध्याकाळची मालिका करून टाकतो. दर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभं राहून जुन्या चित्रपटाची नवी प्रत बघायची, आणि घरी येऊन तोच सिनेमा असा मळायचा. याला काय म्हणावं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. सातला इथं भजनाची तालीम आहे म्हणे. ठीक आहे. संगीत.

तबकडीचंही तेच दुखणं. ७८ फेऱ्यांची म्हणतो, पण चावीच्या ग्रामोफोनचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, सैल असला तर ८२-८३ वर जातो. तेवढ्यानं जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी एकमधली बाई पांढरी दोनमध्ये गाते आणि तान सुईसारखी टोचते. उपाय कागदाचा आहे. गोल चकतीवर समान अंतरानं ७७ काळ्या रेघा काढा, मधोमध भोक पाडून तबकडीवर ठेवा, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा. आपली वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. वेग बरोबर असला की रेघा थबकल्यासारख्या दिसतात. पुढं सरकल्या तर जास्त, मागं सरकल्या तर कमी. एलईडीखाली हे जमेलच असं नाही. सुई पोलादी असेल तर प्रत्येक बाजूला नवी, कंजुषी केली की खाचा खरवडल्या जातात.

हे साधलं की मग धाडसी संगीत. आपल्याला त्याची भीती वाटायचं कारण नाही. एका हातात एक ताल, दुसऱ्यात दुसरा, पायांत आणखी दोन, तोंडानं पाचवा आणि समेला सगळे एकत्र, असं ज्यांच्याविषयी सांगतात ते लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर आपल्या गोव्याचेच. लिगेटी या हंगेरियन संगीतकारानं १९६२ साली एक रचना लिहिली: १०० मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारी चावीची यंत्रं, वेगवेगळ्या वेगाला लावून मंचावर सोडून द्यायची. आधी नुसता पाऊस, मग एकेकाची चावी उतरते, शेवटी एकच टिकटिकतो. खाप्रुमाम समेवर आणायचे, हा विझवत नेतो. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या चर्चमध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची ऑर्गनरचना २००१ साली सुरू झाली, ती २६४० साली संपेल. पहिले १७ महिने नुसता विराम! आपल्याकडची आरती याच्या नेमकी उलट. घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली की शेवटच्या कडव्याला कासाळेवाला, म्हणजे झांजवाला, कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

मांग्याला पाच मिनिटं उरली. इथं चावी वाचकाच्या अंगठ्यात. पुस्तक आपल्या मागच्या बाजूनं उघडायचं, वरच्या उजव्या चौकटीपासून डावीकडे, फुगेही त्याच क्रमानं. पान उलटतं डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर. म्हणून तिथल्या शेवटच्या चौकटीत दार किलकिलतं, कोणी मान वळवतो, आणि दृश्य पलीकडच्या पानावर. फोनवर सलग खाली सरकवत वाचलं की ही कळ मेली, जोडपानाचंही दोन तुकड्यांत मातेरं झालं. फोन आडवा धरा, दोन पानं एकत्र दिसू द्या. राखाडी ठिपक्यांवर नागमोडी पट्टे आले तर चित्र सदोष नाही, झूम अर्धवट आहे, थोडं वरखाली करा. आणि पानं उलटी फिरवून डावीकडून उजवीकडे छापलेल्या जुन्या आवृत्त्या टाळा. आरशात गेल्यामुळं सगळे तलवारबहाद्दर डावखुरे होतात, आणि किमोनोचा उजवा पदर डाव्यावर येतो. जपानात तसा पदर फक्त प्रेताला नेसवतात. अख्खं गाव मयतीचे कपडे घालून बाजार करतंय!

मोकळ्या चौकटीत कधी 'शीऽऽन' असं लिहिलेलं दिसेल. तो शांततेचा आवाज. त्या चौकटीवर अंगठा थांबू द्या. किती वेळ, ते छापलेलं नसतं.

भजनवाले दारात आलेत. पेटी आत घ्या बाबा, बसा. टेबलावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पाठवली तीच. बाई इथल्याच केरीच्या. एक बाजू साडेतीन मिनिटांची, तालमीला उशीर होत नाही. ती मधली ट्यूब पेटवा कोणीतरी, रेघा बघायच्यात.