फुईचं नाव

(आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी तुमच्या हातात एकेक कोरा कागद दिलाय. उकडतंय हे मलाही कळतंय, पण त्याचा पंखा करू नका. त्याच्यावर आज आपापलं घर काढायचंय. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. नवराबायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली पोरं, थोरलं डावीकडे. जो गेला त्याच्यावर फुली. निदान तीन पिढ्या काढा. इथवर ही नुसती वंशावळ झाली. आता ज्यांचं आपसांत पटत नाही त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ काढा. ज्यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही त्यांच्यात जोडरेघा. आणि जिथं अबोला आहे तिथं मधेच तुटलेली रेघ.

या नकाशाला जेनोग्राम म्हणतात. मोनिका मॅकगोल्ड्रिक आणि रँडी गर्सन यांनी १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि या खुणा समुपदेशकांच्या हातात रुळल्या.

तुम्ही म्हणाल, वंशावळ आम्हाला नवी नाही. खरंच नाही. आपल्याकडे कित्येक समाजांचे भाट वह्या घेऊन दारात यायचे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. आणि जात पडताळणीच्या पायी कोतवाल बुक, गाव नमुना चौदा हे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांचे शब्द आता कॉलेजच्या पोरांनाही पाठ झालेत. पण या सगळ्या कागदांना बापाचं नाव लागतं. आजीचं माहेर त्यात शोधा बरं! आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांचं, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचं बघा. बऱ्याच घरांत प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य मोजतात. कालपरवा जन्मलेल्या अंडोरची, म्हणजे पोराचीही मूठ पडते, घरात साठ वर्षं राबलेल्या माउलीची पडत नाही. तो प्रसाद भाऊबंदांनीच खायचा, लग्न झालेल्या लेकीला द्यायचा नाही. माझी कानबाईवर श्रद्धा आहे, उगाच गैरसमज नको. मी फक्त मोजणी कुणाची होते ते सांगतोय.

आणि घरातल्या सवयी तर या न मोजलेल्या माणसांतूनच जास्त वाहतात, असं माझं मत आहे.

मरे बोवेन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, १९१३ चा जन्म, १९९० साली गेले. १९५० च्या दशकात त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी संस्थेत वेगळाच उद्योग केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही वॉर्डात राहायला आणलं. एकट्या रुग्णाकडे बघून जे दिसत नव्हतं ते तिथं दिसायला लागलं. आईचा जीव घाबरा झाला की लेकरू बिघडायचं, आई सावरली की लेकरू सावरायचं. यातून त्यांनी मांडलं की कुटुंब म्हणजे एकच भावनिक यंत्र आहे, एक चाक अडलं की दुसरं कुरकुरतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कारणानं. १९६७ साली तज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी रुग्णांऐवजी स्वतःच्या घरातली धुसफूस मांडली. आमच्या समुपदेशनाच्या धंद्यात असं धाडस फारसं कुणी करत नाही. आज मीही थोडं करणार आहे, पण जरा दम धरा.

बोवेन यांची सगळ्यात कामाची कल्पना त्रिकोणाची. दोघांमधला ताण सोसवेना की ते तिसऱ्याला ओढतात. सासूसुनेचं बिनसलं की मुलगा मधे. नवराबायकोचं बिनसलं की थोरली पोर आईची मैत्रीण होते, आणि पुढं तिच्या लग्नात तीच सवय घेऊन जाते. इथं आपली एक गंमत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात भारताचे नात्यांच्या रीतीनुसार भाग पाडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेकडे मामाची पोर म्हणजे बहीण. आपल्याकडे कित्येक समाजांत ती हक्काची नवरी. अमेरिकेतला नकाशा झाडासारखा फांद्या फोडत जातो, आपला गोधडीच्या टाक्यासारखा फिरून त्याच घरात शिरतो. मामाच्या पोरीची सासू कोण? तिच्या बापाची बहीण, म्हणजे फुई. पुण्याकडच्यांसाठी सांगतो, फुई म्हणजे आत्या. आता ही सून सासूची तक्रार माहेरी करणार कुणाकडे? बापाकडे केली तर तो बहिणीची बाजू घेणार. तीनच माणसांत पाच नाती. असल्या घरातल्या बाया गप्प का राहतात, हे मला हा नकाशा काढल्यावर कळलं.

बोवेन यांची एक गोष्ट मात्र आपल्याला जशीच्या तशी घेता येत नाही. माणसानं घरात राहूनही स्वतःचं वेगळं मत राखावं, यावर त्यांचा फार भर. आपल्याकडे "वेगळा निघाला" म्हटलं की चूल, बैलजोडी आणि विहिरीच्या पाळ्या डोळ्यांपुढे येतात. एका छताखाली राहून वेगळं मत धरणाऱ्याला आपल्याकडे शब्दच नाही. आहे तो "शहाणा", आणि तो कसा उच्चारतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या घराचं. आजोबांना एक बहीण होती. बांधावरच्या चार आंब्यांवरून बिनसलं आणि तिला आखाजीला आणायला मुऱ्हाळी जायचा बंद झाला. पुढं वडिलांचं त्यांच्या धाकट्या भावाशी वाटणीत बिनसलं; भिंतीला भिंत लागून घरं, एकवीस वर्षं बोलणं नाही. मग माझी पाळी. महाराष्ट्रानं १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ साली आला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी वडील गेल्यावर हक्कसोडीचा कागद मी बहिणीपुढे ठेवला, "सगळ्याच बहिणी देतात" म्हणून. तिनं सही केली. भांडली नाही. पुढच्या आखाजीला उन्हाचं निमित्त झालं, त्याच्या पुढच्या वर्षी नातीच्या परीक्षेचं. मी लोकांना समुपदेशन करत होतो, मंडळी, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. नकाशा काढला तेव्हा तीन पिढ्यांत तीन तुटलेल्या रेघा, आणि तिन्ही जमिनीवरून.

आजोबांच्या बहिणीच्या वर्तुळात नाव लिहायला गेलो तर नावच माहीत नव्हतं. घरात तिचा विषय निघाला की आजोबा म्हणायचे, "तिनं नाव लेऊ नका," म्हणजे तिचं नाव घेऊ नका. आम्ही इतके आज्ञाधारक की खरंच विसरलो. आखाजीला पितरांची घागर भरतो, विस्तवावर त्यांच्या नावानं घास वाहून आगारी टाकतो, तेव्हाही ते नाव कधी कानावर आलं नव्हतं. भाटाची वही लांबच्या भावकीतल्या कुणी जपली होती. तिच्यात आजोबांसकट पाच पिढ्यांचे पुरुष होते.

शेवटी बहिणीला फोन केला. चार वर्षांनी, आणि तोही कामासाठी. तिनं नाव सांगितलं. मग म्हणाली, "तुला माहीत नाही? आजी दर उन्हाळ्यात कासारणीच्या टोपलीतून फुईला बिबड्या, ते ज्वारीचे पापड, पाठवायची. आजोबा शेतात गेल्यावर. मी बांधून द्यायचे." आजी गेल्यावर काय झालं, विचारलं. तर आईनं ते चालू ठेवलं होतं, फुई जाईपर्यंत. काकूंकडेही, भिंतीवरून.

एकवीस वर्षांच्या अबोल्यात त्या भिंतीवरून बिबड्या जात होत्या आणि वडिलांना, काकांना, मला पत्ता नव्हता. की होता? तेही आता विचारायला कुणी उरलं नाही.

मी फुईचं नाव वर्तुळात लिहिलं. पण आजीपासून तिच्यापर्यंत कोणती रेघ काढावी ते समजेना. जोडरेघ म्हणावी तर दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत, तुटलेली म्हणावी तर बिबड्या जात होत्या. मॅकगोल्ड्रिकबाईंच्या खुणांत मला याची खूण सापडली नाही. पेन्सिलनं एक टिंबटिंबांची रेघ काढून ठेवलीय. या आखाजीला बहीण आली नाही. जावयाच्या हातून एक डबा मात्र आला, बायकोच्या नावानं.

चला, कागद घ्या. आधी आजीचं माहेर लिहा.