गोव्यात आलेला संत, गोव्यातून गेलेला संत

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती उपासनेसाठी खुली झाली. गिलावा उतरवल्यामुळे जांभ्या दगडाचे तांबडे अंग उघडे पडलेली ही वास्तू गोव्यातील पांढऱ्याशुभ्र चर्चवास्तूंमध्ये सहज वेगळी ओळखू येते. आत, मुख्य वेदीच्या उजवीकडे, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवलेला संगमरवरी चौथरा आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची ही भेट १६९८ मध्ये येथे बसवण्यात आली. चौथऱ्यावरची चांदीची पेटी मात्र त्याच्याआधीची, १६३६-३७ मधली, आणि ती घडवली गोव्याच्याच कारागिरांनी. या पेटीत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर आहे. झेवियर जन्माने गोव्याचे नव्हते आणि त्यांचा मृत्यूही गोव्यात झाला नाही. साष्टीतील बाणावली गावात जन्मलेल्या जोसेफ वाझ यांचा मृत्यू श्रीलंकेत झाला आणि त्यांची कबर नेमकी कोठे होती, हे आज कोणालाही सांगता येत नाही. गोवा आपले म्हणून ज्या दोन संतांचे नाव घेतो, त्यांच्या चरित्रांत असे उलटसुलट योग आहेत.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हार प्रांतातील झेवियरच्या गढीत, एका सरदार घराण्यात झाला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असताना त्यांची गाठ इग्नेशियस लोयोला यांच्याशी पडली. वयाने पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला हा विद्यार्थी सुरुवातीला त्यांना फारसा रुचला नव्हता. पुढे मात्र १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर या दोघांनी आणि त्यांच्या पाच सोबत्यांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांची शपथ घेतली. याच मंडळातून येशूसंघ (जेझुइट संघ) उभा राहिला आणि १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, स्वतःच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर यांनी लिस्बन सोडले. मोझांबिकला हिवाळा काढून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, तेव्हा पोर्तुगिजांनी हे शहर घेऊन ३२ वर्षे झाली होती.

शहरात त्यांनी आपला मुक्काम रुग्णालयात ठेवला. रुग्ण, तुरुंगातील कैदी आणि शहराबाहेरचे कुष्ठरोगी यांच्याकडे त्यांच्या नित्य फेऱ्या असत. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना आणि गुलामांना धर्मशिक्षणासाठी हाक देत जाणारे झेवियर हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत परिचित चित्र आहे. परंतु काही महिन्यांतच ते तमिळ किनाऱ्यावरील मोती काढणाऱ्या परवर समाजाकडे निघून गेले, तेथून पुढे मलाक्का आणि आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांकडे, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधील कागोशिमा येथे पोहोचले. दहा वर्षांच्या या भ्रमंतीत गोवा त्यांच्यासाठी मुख्यतः परत येऊन पुन्हा निघण्याचे ठिकाण राहिले. येथील त्यांचे सगळे मुक्काम एकत्र केले, तरी ते महिन्यांतच मोजावे लागतात.

त्यांच्या चरित्रातील एक पत्र टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मे १५४६ मध्ये अंबोईना बेटावरून पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला लिहिताना त्यांनी भारतात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मबाह्य वर्तनाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, असावे, अशी मागणी केली. ज्या लेखणीने त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाबद्दल आणि अन्यायाबद्दल राजाकडे कडक तक्रारी केल्या, त्याच लेखणीने हेही लिहिले. इन्क्विझिशन गोव्यात आले १५६० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, आणि मध्यंतरीचा काही काळ सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या कारभाराची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. ही मागणी मात्र त्यांचीच होती. भक्तांच्या चरित्रांत या पत्राला जागा मिळत नाही आणि टीकाकारांच्या लेखनात बहुधा या पत्राखेरीज दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही.

एप्रिल १५५२ मध्ये ते गोव्यातून शेवटचे निघाले. या वेळी त्यांना चीनमध्ये प्रवेश हवा होता, आणि परकीयांना तेथे बंदी होती. कँटनच्या समुद्रातील शांगच्वान बेटावर, आपल्याला चोरून पलीकडे नेण्याचे कबूल केलेल्या व्यापाऱ्याची वाट पाहत असताना तापाने त्यांचा ३ डिसेंबर १५५२ रोजी मृत्यू झाला. वय ४६ वर्षांचे होते. अखेरपर्यंत शुश्रूषा करणारा अंतोनियो हा चिनी तरुण गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकलेला होता. अस्थी नेता याव्यात म्हणून शरीर लवकर झिजावे, या हेतूने शवपेटीत चुना भरण्यात आला. दोन-अडीच महिन्यांनी पेटी उघडली, तेव्हा शरीर जसेच्या तसे असल्याचे आढळले, असे त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. ते आधी मलाक्काला नेण्यात आले आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला पोहोचले, तेव्हा बंदरावर सारे शहर लोटले होते.

संताच्या मृत्यूनंतर त्याच्या शरीराला स्वतंत्र चरित्र असते, याचे झेवियर यांच्याइतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. १६१४ मध्ये येशूसंघाचे प्रमुख क्लॉडियो अक्वाव्हिवा यांच्या आज्ञेने त्यांच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठवण्यात आला आणि तो आजही तेथील जेझू चर्चमध्ये आहे. १६१९ मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) आणि १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस लोयोला, आविलाच्या तेरेसा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिदोर यांच्यासोबत ‘संत’ घोषित करण्यात आले. पोर्तुगालने १७५९ मध्ये येशूसंघाला आपल्या मुलखातून हाकलून दिल्यावर, पाद्र्यांनी जाताना संताचे शरीर पळवून नेले, अशी वदंता गोव्यात पसरली. ती मोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये ते लोकांपुढे ठेवण्यात आले. आज साधारण दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्याचा उगम या अफवेत आहे. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात सी कॅथेड्रलमध्ये झाला. दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला सावंतवाडी आणि बेळगाव या भागांतून भाविक पायी येतात. रांगेत हिंदू भाविकही मोठ्या संख्येने असतात आणि गोंयच्या सायबाला, म्हणजे झेवियर यांना, नवस बोलण्यात त्यांना काही वावगे वाटत नाही.

भाविकांमध्ये सर्वांत लाडकी कथा खेकड्याची आहे. मोलुक्काच्या समुद्रात वादळ शमवण्यासाठी झेवियर यांनी पाण्यात धरलेला क्रूस लाटेने हिरावला आणि किनाऱ्यावर उतरल्यानंतर एका खेकड्याने तो आपल्या नांग्यांत धरून परत आणून दिला, असे ती सांगते. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीला कथा उतरत नाही. त्यामुळे तिच्या लोकप्रियतेत तिळभरही फरक पडलेला नाही.

संतांच्या अशा कथा गोव्यातील खेड्यांपर्यंत पोहोचल्या त्या मराठीतून, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच वाटेने जाणारे फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुआ यांनी संत पीटर यांचे चरित्र मराठी ओव्यांत रचले आणि ते १६२९ मध्ये प्रसिद्ध झाले. १६५५ मध्ये अंतोनियो द साल्दान्य यांनी संत अँथनी यांची जीवितकथा आणली. नव्याने धर्मांतरित झालेले श्रोते पुराणश्रवणात वाढलेले होते. त्यांची पोथी काढून घेतली गेली होती, परंतु ओवी त्यांच्या कानांत होती आणि या मिशनऱ्यांनी ते अचूक हेरले. तेराव्या शतकातील लिस्बनच्या संत अँथनींना गोव्याने पुढे स्वतःची कथाही दिली. शिवोलीच्या चर्चमधील त्यांच्या मूर्तीच्या हातात दोरीने बांधलेला साप आहे, कारण चर्च बांधताना त्रास देणारा साप त्यांनी पकडला, अशी गावाची श्रद्धा आहे.

साष्टीतच, कुंकळ्ळी येथे, संतत्वाच्या इतिहासातील एक कठीण पान आहे. देवळे पाडली जाऊ लागल्यानंतर संतप्त झालेल्या गावकऱ्यांनी २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइटांना त्यांच्या काही सोबत्यांसह ठार मारले. त्यांचे प्रमुख रुदोल्फ अक्वाव्हिवा हे झेवियर यांचा हात मागवणाऱ्या क्लॉडियो यांचे पुतणे होते, आणि अकबराच्या दरबारात तीन वर्षे काढून ते नुकतेच परतले होते. काही काळाने पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये ‘धन्य’ घोषित करण्यात आले. गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. एकाच गावात दोन बाजूंच्या मृतांचा सन्मान होतो आणि दोन्हींमागचा इतिहास सारख्याच गांभीर्याने वाचावा लागतो. रोममध्ये मान्य होणाऱ्या हौतात्म्यामागे गोव्यात बंदुका आणि फर्माने उभी होती, ही गोष्ट त्या वाचनातून सुटत नाही.

जोसेफ वाझ यांच्या पाठीशी असे काहीच नव्हते.

२१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढच्या वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला मारिया मातेचा दास म्हणून लिहून दिले. त्या काळात गोमंतकीय तरुणाला धर्मगुरू होता येत असे, परंतु युरोपीय धर्मसंघांची दारे त्याला जवळजवळ बंदच असत. कानडा प्रदेशात काही वर्षे काम करून परतल्यावर १६८५ मध्ये वाझ जुन्या गोव्यातील अशा काही गोमंतकीय धर्मगुरूंमध्ये सामील झाले, ज्यांनी एकत्र राहून स्वतःचा ओरेटरी नावाचा धर्मसंघ घडवायला घेतला होता, आणि लवकरच ते या मंडळाचे प्रमुख झाले. १६८६ मध्ये जुआंव नावाच्या तरुण सेवकाला बरोबर घेऊन त्यांनी गोवा सोडला.

श्रीलंकेत डचांनी १६५८ मध्ये जाफना घेतल्यापासून कॅथलिक उपासनेवर बंदी होती आणि कॅथलिकांना धर्मगुरू उरलेला नव्हता. गोऱ्या मिशनऱ्याला जेथे पाऊल ठेवता आले नसते, तेथे हा गोमंतकीय माणूस १६८७ मध्ये मजुराच्या वेशात उतरला. प्रवासातच दोघांना हगवण लागली होती. बरे झाल्यावर वाझ गळ्यात ठळक दिसेल अशी जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरू लागले, कारण ती पाहून ज्याचा चेहरा बदलेल तो लपून राहिलेला कॅथलिक असणार, हे त्यांना कळत होते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, रात्री बंद घरांत होत असे. १६९२ मध्ये ते डचांच्या हद्दीबाहेरील कँडीच्या राज्यात गेले आणि पोर्तुगीज हेर समजून तुरुंगात पडले. तेथे त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. दुष्काळात त्यांनी प्रार्थना केल्यावर पाऊस पडला आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य यांनी त्यांना मोकळीक दिली, असे परंपरा सांगते. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, राजासकट ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले, आणि वाझ यांनी टाकून दिलेल्या रुग्णांना उचलून आणून त्यांची शुश्रूषा केली. चमत्कारकथेपेक्षा हा प्रसंग मला अधिक वजनदार वाटतो, कारण एका बौद्ध राज्याने परधर्मीय साधूवर टाकलेला विश्वास यानंतर पक्का झाला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत.

गोव्यातील परिस्थितीशी त्यांच्या कामाची तुलना केल्यास एक विलक्षण विसंगती दिसते. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढून गोमंतकीयांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम दिला. ही मुदत संपत आली असताना वाझ जाफन्यात तमिळ बोलत होते. १७०५ मध्ये त्यांच्या मदतीला गेलेले, दिवाडी बेटावर जन्मलेले जाकोम गोन्साल्विस यांनी पुढे सिंहली आणि तमिळ भाषांत इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया त्यांच्याच नावावर जमा आहे. घरी ज्यांच्या भाषेवर बंदी आली, त्या गोमंतकीय धर्मगुरूंनी दुसऱ्या देशाची भाषा समृद्ध केली.

झेवियर यांना मृत्यूनंतर ७० वर्षांत संतपद मिळाले. वाझ यांना ३०४ वर्षे लागली. झेवियर यांच्यामागे जगभर पसरलेला संघ आणि पोर्तुगालची राजसत्ता होती. वाझ यांचा ओरेटरी संघ १८३५ मध्ये गोव्यातील इतर धर्मसंघांबरोबर बंद करण्यात आला आणि त्यांच्यासाठी रोममध्ये पाठपुरावा करणारी संस्थाच राहिली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत त्यांना ‘धन्य’ घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरातील गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेही नियमाने लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल करून. त्यापूर्वी भारतात जन्मलेल्या संतांची यादी सुरू होते ती वसईच्या गोन्सालो गार्सिया यांच्यापासून. नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रूसावर मारले गेलेले हे फ्रान्सिस्कन बंधू १८६२ मध्ये संत झाले.

संतपदाच्या पायऱ्यांवर गोव्याचे आणखी एक नाव सध्या आहे. हणजुणे येथे २१ जानेवारी १८६९ रोजी जन्मलेले आग्नेलो डिसोझा पिलारच्या मिशनरी संघात दाखल झाले आणि १८९८ मध्ये धर्मगुरू झाले. दक्षिण कानड्यातील शिर्वा येथे सेवा करून १९१८ पासून ते रायतूरच्या गुरुकुलात विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते आणि २० नोव्हेंबर १९२७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रात ना समुद्रप्रवास आहे, ना तुरुंग, ना हौतात्म्य. प्रवचने, पापनिवेदन ऐकणे आणि उपवास यांतच ते संपते. १० नोव्हेंबर १९८६ रोजी रोमने त्यांना ‘पूजनीय’ ही पदवी दिली. ‘धन्य’ होण्यासाठी आता त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य व्हावा लागेल, आणि त्यासाठी पिलारच्या टेकडीवर त्यांच्या समाधीपाशी प्रार्थना सुरू आहेत.